कच्चा ओठ

आश्विन सरता सरता धरणाचं पाणी निवळतं.
जूनपासून पोटात घेतलेला सातपुड्याचा लाल गाळ
कणाकणानं खाली बसतो,
आणि हिंगोण्याच्या वरच्या अंगाला, मोरच्या धरणात,
बुडालेले पळस दिसायला लागतात
काठापासून दोन परस आत,
पानं नसलेले, शेवाळ नेसलेले.
मासा तिथंच असतो. थंडीची चाहूल
माणसाआधी त्याला लागते.

या दिवसांत माझ्या दुकानात मोटारी येत नाहीत.
विहिरी तुडुंब, कांदेबागेला पाण्याची घाई नाही,
कुणाची वाइंडिंग जळत नाही,
तांब्याची तार रिळावर तशीच.
मी शटर अर्धं ओढतो
आणि रुबाब तडवीच्या मागे लुनावर बसतो.
मांडीवर दोन काठ्या, डब्यात उकिरड्यातली गांडुळं,
दुसऱ्या डब्यात कळण्याची भाकरी, मिरचीचा खुडा.
डबे बदलले तर काय, यावर तो दरवर्षी एकदा हसतो.

रुबाबची तरंगती मोरपिसाच्या देठाची.
प्लास्टिकची तो वापरत नाही.
म्हणतो, प्लास्टिक खोटं बोलते.
देठ पाण्यात उभा राहतो,
पांढरा, लाल दोऱ्याचा एक वेढा मारलेला,
आणि आम्ही दोघं
त्या दोन बोटं पांढऱ्याकडे बघत
दुपारभर म्हातारे होतो.

चांदवे आलेत. काळेभोर, कपाळाला चुना.
पलीकडच्या काठावर कापूस वेचणाऱ्या बायका
कुणाचं तरी नाव घेऊन हसतात.
हसू पाण्यावरून आमच्यापर्यंत येतं,
नाव येत नाही.

देठ हलला. बुडाला नाही, आडवा झाला.
मृगळ असाच घेतो: तळ चाटत येतो,
आमिष उचलतो आणि वर सरकतो,
दोरी सैल पडते, वाटतं काहीच नाही.
मी उचकलं.
हाताला वजन लागलं, जिवंत, गोल,
आणि लगेच नुसता गळ,
गळाला ओठाची एवढीशी साय.

"वढलं ना," रुबाब म्हणाला.
तो रागावत नाही, हेच अवघड जातं.
"त्याचा ओठ कच्चा राह्यतो भो.
त्याले वाटलं पाहिजे
का तो सोताच येऊ राह्यला."

मी गळ धुतला.
त्याची गाठ सुपडूनं मारलेली, सात वेढ्यांची,
वाइंडिंगच्या पोराची गाठ,
तुटेल पण सुटायची नाही.
तीन वर्षं होता माझ्याकडे.
साडेसात एचपीच्या एका मोटारीत
एका खाचेत कागद घालायचा विसरला,
मोटार जळाली, आणि मी त्याला
गिऱ्हाइकासमोर काय काय बोललो,
त्याच्या बापापर्यंत गेलो.
दुसऱ्या दिवशी तो सुरतच्या पॅसेंजरला बसला.
मोटार मी पुन्हा भरून दिली.
दोन दिवसांचं काम होतं. फक्त दोन दिवसांचं.

त्यानंतर तीन मासे लागले, तिन्ही रुबाबला.
त्याच्या काठीकडे बघितलं तर
तो ओढतोय असं कुठं दिसतच नाही.
मनगट जरा मागे, पुन्हा पुढे,
झोळीतल्या लेकराला झोका दिल्यासारखं,
आणि पळसाच्या बुडातून एक चांदीचा तुकडा
आपल्याच पायांनी काठाला येतो.
मासोळीला पाय नसतात, मला माहीत आहे.

धरणावर रेंज नाही.
सांडव्याजवळ एक चपटा धोंडा आहे,
त्यावर उभं राहिलं की एक काडी येते.
ऊन उतरल्यावर मी तिथं उभा राहिलो.
खूप वेळ वाजला.
मग मागांची खडखड आली, आणि त्या खडखडीत त्याचा श्वास.
मी म्हणालो, पाणी निवळलंय.
तो बोलला नाही. ठेवलाही नाही.
पाऊस बरा झाला का, वगैरे मला विचारता आलं असतं.
परत ये, असंही ओठावर होतं.
मी दोरी सैल सोडली.

खाली रुबाब लुनाला पेडल मारत होता,
आणि ती काही केल्या लागत नव्हती.